वाहिनीच्या वाटेवरची पांढरी : वांकुसवडे पठार ते विटा

सोमवार : सातारा, किकली

विजेची वाहिनी डोक्यावरून जात असल्याने तिच्यामुळे जमिनीतल्या जुन्या अवशेषांना धोका नाही, असे बहुतेकांना वाटते. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी मात्र ३५ मीटर रुंदीचा पट्टा राखावा लागतो. दोन मनोऱ्यांमध्ये साधारण ३०० ते ३५० मीटर अंतर असते, म्हणजे दर किलोमीटरला तीन मनोरे येतात, आणि प्रत्येक मनोऱ्याच्या चार पायांसाठी चार खड्डे साधारण तीन मीटर खोल खणले जातात. या खड्ड्यांपेक्षाही मला धास्ती वाटते ती नकाशावर न दिसणाऱ्या कामांची : काँक्रीटची गाडी मनोऱ्यापर्यंत नेण्यासाठी जेसीबीने एका सकाळीत काढलेला कच्चा रस्ता, लोखंड उतरवण्यासाठी सपाट केलेला माळ, तारांची रिळे आणि तारा ओढण्याची यंत्रे लावण्यासाठी साफ केलेली जागा. जुन्या वस्तीचे थर अनेकदा जमिनीखाली हातभरावरच सुरू होतात, आणि ते विस्कटायला तेवढी एक सकाळ पुरते.

वांकुसवडे पठाराकडून तारळी खोऱ्यात उतरून, उंब्रजच्या परिसरात कृष्णा ओलांडून, कडेगाव तालुक्यातून विट्याकडे जाणाऱ्या एका नियोजित वाहिनीचा मार्ग अजून कागदावर होता, आणि मनोऱ्यांच्या जागा दाखवणाऱ्या खुंट्या पक्क्या होण्यापूर्वी तो पायी पाहण्याची संधी आम्हांला मिळाली. आमच्याबरोबर पुरातत्त्व शिकणारे दोन विद्यार्थी आणि मार्ग आखणाऱ्या ठेकेदाराकडचे एक सर्वेक्षक होते. जुने तालुका नकाशे, उपग्रहचित्रे आणि गावांच्या दैवतांची माहिती आधीच जुळवून, जेथे काही सापडण्याचा संभव अधिक तेवढेच टप्पे आणि तेथील मनोऱ्यांच्या जागा आम्ही निवडल्या होत्या.

नजर तयार व्हावी म्हणून पहिला दिवस वाई तालुक्यातल्या किकलीला दिला. चंदन-वंदन या जोडगडांच्या पायथ्याच्या या गावात भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात इतके वीरगळ, म्हणजे मरण पावलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, एकत्र आहेत की विद्यार्थ्याला अर्ध्या दिवसात त्यांची सगळी घडण समजते. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, कधी त्याच्या शेजारी गाई, म्हणजे गोधन सोडवताना आलेले मरण. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य, म्हणजे हे स्मरण चंद्रसूर्य असेतोवर टिको. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असतो. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते, त्यामुळे शैलीवरून काळाचा अंदाज घ्यावा लागतो आणि दगड मूळ कोठे उभा होता ही माहिती शिलालेखाइतकीच मोलाची ठरते. विद्यार्थ्यांकडून चार-पाच दगडांची पूर्ण नोंद करून घेतली : उंची, रुंदी, चौकटी, तोंड कोणत्या दिशेला, पायथा मातीत किती, आणि तिरप्या उन्हात मोजपट्टीसह छायाचित्र. दुपारी बाराला काढलेल्या छायाचित्रात झिजलेले कोरीव काम अजिबात दिसत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो.

मंगळवार : वांकुसवडे पठार

पाटण तालुक्यातले हे पठार पवनचक्क्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. माथ्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट उघडा खडक, त्यावर पातळ माती, आणि फेब्रुवारीत वाळून पिवळे पडलेले गवत. येथे पायाचा खड्डा यंत्राने खणता येत नाही. खडक फोडावा लागतो, आणि जवळपास कोरीव काही असेल तर सुरुंगाला हरकत घेऊन छिद्रे पाडून दगड काढण्याचा आग्रह धरावा लागतो.

एकमेकांपासून पंधरा पावलांवर समांतर रेषा धरून आम्ही चालू लागलो. पठाराच्या मधल्या भागात दोन तासांत काहीच मिळाले नाही. सड्याच्या कडेला, जेथून ओढा उगम पावतो, तेथे मात्र पहिल्या रेषेतच गारगोटीची आणि चर्ट या तशाच कठीण दगडाची बारीक पाती दिसू लागली. नैसर्गिकरीत्या फुटलेली गारगोटी आणि माणसाने फोडलेली गारगोटी यांतला फरक हातात घेतल्यावरच कळतो : घाव जेथे बसला तेथे छोटा फुगवटा असतो, त्याच्या भोवती लाटांसारख्या रेषा असतात, आणि ज्या गाभ्यावरून पाती निघाली त्याच्या अंगावर एकापुढे एक सरळ चरे राहतात. असा एक गाभाही सापडला, जेमतेम अंगठ्याएवढा. बेसाल्टच्या या मुलखात असा दगड खडकाच्या पोकळ्यांत मिळतो. तो वेचून, पाण्याजवळ बसून कोणीतरी येथे अवजारे केली होती. आम्ही ती वेचली नाहीत. जागेची नोंद घेतली, एक चौरस मीटरची चौकट टाकून तिच्यातले तुकडे मोजले आणि सर्व जागच्या जागी सोडले. पृष्ठभागावरचा पसारा उचलला की त्याची जागा कायमची हरवते, आणि परवानगीशिवाय तो उचलण्याचा अधिकारही आम्हांला नाही.

या जागेचा शोध खरे तर एका मेंढपाळ मामांमुळे लागला. उपग्रहचित्रात तो ओढा कोरडाच दिसत होता. मामा म्हणाले, "वैशाखात बी हितं हातभर उकरलं की पानी लागतं. आमची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या हितंच बसत्यात." वर्षभर पाणी मिळण्याची जागा कोणती, हा प्रश्न मी प्रत्येक सर्वेक्षणात पहिल्यांदा विचारतो आणि त्याचे खात्रीचे उत्तर नेहमी गुराखी किंवा मेंढपाळच देतात.

मनोऱ्याची खुंटी त्या पसाऱ्यापासून थोड्याच अंतरावर होती. सर्वेक्षकांनी जागेवरच मोजणी करून मनोरा त्याच रेषेत मागे सरकवता येईल असे सांगितले. मनोरा रेषेवरच पुढे-मागे केला तर केवळ तारांचा झोल आणि उंची पुन्हा तपासावी लागते. रेषेच्या बाहेर नेला तर वाहिनीला कोन येतो, कोनावरचा मनोरा भारी लोखंडाचा लागतो आणि खर्च वाढतो. पुरातत्त्वाचे काम करणाऱ्याने ही अडचण समजून घेतली तर त्याची सूचना मान्य होण्याची शक्यता कितीतरी वाढते, असा माझा अनुभव आहे.

बुधवार : तारळी खोरे

पठारावरून तारळीच्या खोऱ्यात उतरताना एका जुन्या पायवाटेचा दगडी बांधीव तुकडा लागला. कुंभार्ली घाटाने चिपळूण आणि कऱ्हाड जोडलेले आहेत हे सर्वश्रुत आहे. पण मोठ्या घाटांना येऊन मिळणाऱ्या अशा उपवाटा कोणत्याच यादीत नसतात. वाहिनी या वाटेला आडवी जाते, त्यामुळे मनोऱ्याचा प्रश्न नव्हता. बांधकामाची गाडी मात्र हीच वाट रुंद करून वर नेण्याचे ठरले होते. दुसऱ्या उतारावरून रस्ता काढावा, ही सूचना नकाशावर लाल रेघ मारून दिली.

खाली एका शेताच्या बांधावर तीन वीरगळ मिळाले. दोन उभे होते, आणि तिसरा पालथा पडून त्याच्या पाठीवर कपडे धुतले जात होते. (या लेखात गावांची नावे मुद्दाम टाळली आहेत. दगड चोरीला जातात, आणि गुप्तधनाच्या आशेने वीरगळांच्या पायथ्याशी खणणारे लोकही आहेत.) शेताच्या मालकीणबाई, वयाने आमच्या आजीएवढ्या, आधी जरा साशंक होत्या. सरकार दगड नेणार, आणि मग वावरही नेणार, असे त्यांना वाटले. त्यांची शंका अवाजवी नव्हती. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६४ नुसार पारेषण कंपनीला १८८५ च्या तार कायद्याखालचे अधिकार मिळू शकतात. त्यात जमीन संपादित होत नाही, मालकी शेतकऱ्याचीच राहते आणि त्याला भरपाई मिळते, पण मनोरा उभा राहतो. मी त्यांना एवढेच सांगितले, की आजी, दगड येथेच राहावा म्हणूनच आम्ही आलो आहोत.

त्यानंतर त्या स्वतःच बोलू लागल्या. "उभ्या दोघांस्नी आम्ही दिवाळीला निवद दावतो. पडलेला बी देवच हाय, पन त्याला उचलायला चार गडी लागत्यात." त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून दगड याच बांधावर आहेत ही माहिती आम्ही नोंदवहीत जशीच्या तशी लिहिली.

पडलेला दगड उभा करावा असे विद्यार्थ्यांना फार वाटत होते. मी थांबवले. पायथ्याखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय तो हलवणे योग्य नाही, आणि उभा करायचा तर पुरातत्त्व खात्याला कळवून, गावाच्या संमतीने. उभ्या दोघांवर शेंदराचा जाड थर होता. शेंदराला माझा विरोध नाही, कारण त्या शेंदरामुळेच हे दगड आजवर कोणी फोडले नाहीत. तैलरंग मात्र लावू नका, आणि आम्ल किंवा तारेचा ब्रश घेऊन दगड कधीच स्वच्छ करू नका, ही विनंती आम्ही बाईंना आणि नंतर देवळातल्या गुरवांनाही केली. हौशी स्वच्छता मोहिमांनी गेल्या काही वर्षांत जेवढे कोरीव काम घासून नेले आहे, तेवढे पावसानेही नेले नसेल.

गुरुवार : उंब्रज, कऱ्हाड

कृष्णाकाठी उसाने आमचे काम अडवले. डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरून जमीन पाहता येत नाही, आणि ऊस तुटल्यावरही पाचट पसरलेले असते. खोल नांगरटीने वरचे थर बऱ्याच ठिकाणी आधीच उलटेपालटे झाले आहेत. अशा भागात विहिरींच्या कडा, पाटाचे काठ आणि घराच्या पायासाठी खणलेले चर पाहायचे असतात. एका नव्या विहिरीच्या कडेला काळ्या मातीखाली राखेचा पट्टा आणि त्यात खापरे स्पष्ट दिसली. विहीर खणणाऱ्यांनी वर टाकलेल्या ढिगात आतून काळे आणि बाहेरून तांबडे असे एक खापर होते. हा प्रकार सातवाहन काळातल्या आणि त्याहून जुन्या वस्त्यांवरही मिळतो, त्यामुळे एका तुकड्यावरून काळ सांगण्याचे धाडस करू नये. पण विहिरीपासून मनोऱ्याची जागा शंभर पावलांवर होती. येथे आम्ही दुसरी शिफारस केली : पायाचे चारही खड्डे खणताना पुरातत्त्वाचा जाणकार उपस्थित असावा, पहिला मीटरभर थर यंत्राऐवजी हाताने काढावा, आणि काही निघाल्यास काम थांबवून जिल्हाधिकारी व पुरातत्त्व खाते यांना कळवावे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्यानेच घातले आहे. मजुरांना ते कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही ते एका पानावर मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत लिहून मुकादमाकडे दिले.

मुक्काम कऱ्हाडला होता. दिवस थोडा उरल्याने जखिणवाडीकडून आगाशिवच्या डोंगरावर गेलो. साठाहून अधिक बौद्ध लेणी या डोंगरात कोरलेली आहेत. मध्य भारतातल्या भारहुत स्तूपावरच्या एका लेखात ‘करहकट’ निगमाच्या, म्हणजे नगराच्या, दानाची नोंद आहे आणि ते कऱ्हाड मानले जाते. इसवी सनापूर्वीच या गावाला इतक्या दूर दान पाठवण्याची ऐपत होती. वरून कृष्णा-कोयनेचा संगम, उसाचा हिरवा विस्तार आणि त्यातून गेलेल्या जुन्या वाहिन्यांचे मनोरे दिसत होते. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने हे नियम कडक झाले. राज्याचा १९६० चा स्वतंत्र कायदाही आहे. परंतु ही संरक्षणे यादीतल्या स्थळांना आहेत. सकाळी पाहिलेली विहीर कोणत्याही यादीत नाही. शिवाय पर्यावरणीय परवानगीसंबंधीच्या २००६ च्या अधिसूचनेच्या प्रकल्पसूचीत पारेषण वाहिन्या येत नाहीत. वनजमीन लागली तर वन विभागाची परवानगी लागते, पण शेतातून आणि माळावरून जाणाऱ्या वाहिनीला जुन्या अवशेषांबद्दल कोणी प्रश्न विचारेल असा टप्पाच त्या वाटेत नाही. ही उणीव मला फार टोचते. खुंटी ठोकण्यापूर्वी आठवडाभर पायी चालण्याच्या साध्या सर्वेक्षणाचा खर्च एका मनोऱ्याच्या लोखंडापुढे नगण्य आहे.

शुक्रवार : कडेगाव

सातारा जिल्ह्याची हद्द ओलांडून सांगलीत आलो. देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर अभयारण्य आणि तेथील प्राचीन देवालयांचा समूह मार्गापासून दूर ठेवण्याची काळजी आखणी करणाऱ्यांनी आधीच घेतली होती. दिवसभरात चाललेल्या टप्प्यांवर नोंद करण्यासारखे काही आढळले नाही. ‘काही नाही’ हीदेखील नोंद असते. कोणत्या रेषा चाललो, जमीन किती दिसत होती, पीक कोणते होते हे सारे स्थळनोंदीच्या अर्जात भरले, म्हणजे पुढे कोणाला त्यावर विसंबता येईल.

शनिवार : येरळाकाठ

या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच. येरळेच्या काठी गावापासून वेगळे, शेतांच्या पातळीहून दोन पुरुष उंच असे एक टेकाड आहे. उपग्रहचित्रात भोवतीच्या काळ्या रानात त्याचा फिकट राखाडी डाग आम्ही आधीच हेरला होता. गावातल्या आबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "ती जुनी पांढरी. गाव पयलं तितं हुतं. पटकीत उठलं आन् हिकडं आलं. तितं घर कुनी बांधत न्हाई." पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची पांढरट मातीची जागा, आणि पटकी म्हणजे कॉलरा.

टेकाडाचा एका बाजूचा लचका तुटलेला आहे. धाब्याच्या घरांवर घालायला आणि शेतात टाकायला पिढ्यान्‌पिढ्या येथून पांढरी माती नेली गेली, आणि अलीकडे ट्रॉल्या भरून नेली जाते. त्या तुटलेल्या कडेवर वस्तीचे थर उघडे पडले होते : चोपलेली जमीन, तिच्यावर राख, पुन्हा चोपलेली जमीन. खापरे विपुल होती. वरच्या भागात काचेच्या बांगड्यांचे रंगीत तुकडे आणि जात्याची अर्धी तळी. खाली घोटीव तांबड्या खापरांचे काठ, शंखाच्या बांगडीचा एक तुकडा, आणि आजच्या विटेहून कितीतरी मोठी, भाजलेली वीट. पटकीत उठलेले गाव हा या जागेचा अगदी शेवटचा अध्याय होता. त्याच्या खाली कित्येक शतके माणसे राहिली होती. सकाळचे ऊन असेतोवर विद्यार्थ्यांनी कडेचा मोजमापासह आराखडा काढला, थरांना क्रमांक दिले आणि टेकाडाची सीमा जीपीएसने चालून घेतली. खापरांचा पसारा टेकाडाच्या दृश्य कडेच्या बाहेर शेतातही बराच लांब जात होता, म्हणून सीमा तेथपर्यंत वाढवली.

मनोऱ्याची खुंटी टेकाडाच्या माथ्यावरच होती. आखणी करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर निवड सरळ आहे : जागा उंच आहे, पीक नाही, शेतकऱ्याचा विरोध कमी, आणि नदी ओलांडताना तारांना उंची मिळते. काळ्या मातीत पाया रुंद आणि महाग करावा लागतो, हेही एक कारण. सर्वेक्षकांशी दुपारभर बोललो. शेवटी त्यांनीच मार्ग सुचवला : रेषा बदलायची नाही, टेकाडावरचा मनोरा रद्द करून अलीकडचा मनोरा नदीच्या बाजूला पुढे घ्यायचा, पलीकडचा जरा अलीकडे आणायचा, आणि दोन्हींना खालून वाढीव पाय लावून उंची वाढवायची, म्हणजे लांब झालेल्या अंतरातही तारा जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर राहतील. तारा टेकाडावरून जातील, पण त्याला कोणाचे फावडे लागणार नाही. मात्र तारा ओढताना यंत्रे टेकाडावर चढवायची नाहीत, दोर माणसांनी किंवा ड्रोनने पलीकडे न्यायचा, ही अट आम्ही लेखी घातली. हिशेब तपासून कळवतो असे त्यांनी सांगितले. रात्री फोन करून हिशेब बसतो असे त्यांनी कळवलेही.

टेकाडाभोवती तारेचे कुंपण घालावे असे आबांच्या मुलाने सुचवले. कुंपणाच्या खांबांसाठी पुन्हा खड्डे खणावे लागतील, आणि एकाएकी कुंपण दिसले की येथे धन आहे अशी बातमी पसरते. त्यापेक्षा माती नेण्यावर ग्रामपंचायतीने बंदी घालावी, हे अधिक उपयोगाचे.

रविवार : विटा

सकाळी त्याच गावच्या ग्रामपंचायतीत बैठक झाली. माती नेणे बंद करण्याला एका तरुण शेतकऱ्याने हरकत घेतली. घराच्या कामाला त्याला दोन ट्रॉल्या हव्या होत्या. सरपंचांनी त्याला ओढ्याकाठची दुसरी जागा दाखवली आणि ठराव लिहून घेतला. टेकाडावरची एक फुटलेली वीट गावच्या मुलांनी आधीच शाळेत आणून ठेवली होती. ती शाळेतच ठेवून कोठून आली याची चिठ्ठी तिच्यासोबत जोडण्यास मुख्याध्यापकांनी संमती दिली.

विट्याला येऊन दुपारपासून अर्ज पूर्ण केले. प्रत्येक स्थळासाठी स्थान, विस्तार, स्थिती, धोका आणि शिफारस असे पान, सोबत छायाचित्रे. एक प्रत आखणी करणाऱ्यांना, एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला, आणि नेमके स्थान वगळून एक प्रत संबंधित ग्रामपंचायतींना जाईल. पठारावरचा आणि येरळाकाठचा असे दोन मनोरे मार्गी लागले आहेत. तारळी खोऱ्यातल्या रस्त्याचे उत्तर अजून आलेले नाही, आणि वीरगळांच्या बांधाशेजारून गाड्या जाणार की नाही हे त्यावरच अवलंबून आहे. उंब्रजजवळचा विहिरीलगतचा टप्पा ऊस तुटून पाचट हटल्यावर पुन्हा चालायचा आहे. कारखान्याची तोड तेथे मार्चच्या सुरुवातीला येईल असे शेतकऱ्याने सांगितले आहे.